तडा जातो तेव्हा

ट्रकचा तुटलेला एक्सल गॅरेजबाहेर पडलेला दिसला, तर त्याच्या तुटलेल्या तोंडाकडे जरूर वाकून बघा. पुष्कळदा त्या गोल चकतीत दोन वेगळे भाग दिसतात. एक गुळगुळीत, त्यावर कडेच्या एखाद्या बिंदूभोवती उमटलेल्या कमानदार रेषा. दुसरा खरखरीत, दाणेदार, उन्हात चमचमणारा. ड्रायव्हर सांगतो, ‘चालता चालता अचानक तुटला.’ तो खोटे बोलत नसतो. पण अचानक तुटला तो फक्त दाणेदार भाग. गुळगुळीत भाग कधीपासून हळूहळू तुटत होता आणि तरीही एक्सल निमूटपणे माल वाहत होता.

तोच गुळगुळीत भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आणखी बारीक रेषा दिसू लागतात. दोन रेषांमधले अंतर कधी कधी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. चाक एकदा फिरले, भार एकदा चढला-उतरला, तडा एवढासा पुढे सरकला आणि एक रेष उमटली. परिस्थिती अनुकूल असेल तर एका हेलकाव्याची एक रेष असा सरळ हिशेब लागतो. अपघातानंतर तपास करणारे या रेषा मोजून तडा किती काळ वाढत होता याचा अंदाज बांधतात. मुक्या धातूने आपल्यावर आलेला एकेक भार असा अंगावर लिहून ठेवावा, याचे नवल मला अजूनही ओसरत नाही.

भार पुन्हा पुन्हा सोसून धातूला येणाऱ्या या थकव्याची ओळख माणसाला करून दिली रेल्वेने, आणि फार मोठी किंमत घेऊन. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे एक्सल, म्यूदोंजवळ तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले आणि पेटले. डब्यांच्या दारांना बाहेरून कुलपे होती. किमान 55 माणसे गेली; दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल बायको-मुलासह त्यांत होता. सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचा पोतच बदलतो आणि ते ठिसूळ होते, अशी तेव्हाची समजूत. विल्यम रँकिन या विशीतल्या स्कॉटिश इंजिनिअरने तुटलेले आस तपासून वेगळेच सांगितले: आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात तडा जन्मतो आणि तिथून आत आत सरकत जातो. कोपऱ्याला गोलाई द्या, हा त्याचा सल्ला. आजही कुठल्याही शाफ्टच्या ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याच्या गोलाईचे माप दिलेले असते.

पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलरने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. एका दमात तोडायला लागणाऱ्या भारापेक्षा कितीतरी कमी भारही पुन्हा पुन्हा दिला की आस तुटतो, हे त्याने आकड्यांनिशी दाखवले. आणखी एक गोष्ट त्याच्या हाती लागली. पोलादाच्या बाबतीत ताणाची एक पातळी अशी सापडते, की त्याखाली राहिले तर ते व्यवहारात थकतच नाही. अॅल्युमिनियमला ही सवलत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक हेलकावा आयुष्यातून वजा होतो, आणि विमाने बहुतांशी अॅल्युमिनियमची बनत आली.

पण एवढ्याशा भाराने बलदंड धातू फाटतो कसा? कापड दुकानदार ताग्याला कात्रीने छोटीशी चीर देतो आणि मग नुसत्या हातांनी टर्रकन कापड फाडतो. सगळा जोर चिरेच्या टोकाशी एकवटतो. धातूतही हेच घडते. टोक जितके अणकुचीदार, तितका तिथला ताण अधिक. यावरून निघालेला एक उपाय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेडेपणाच वाटेल: तडा थोपवायचा असेल तर त्याच्या टोकाशी ड्रिलने भोक पाडायचे. भोक गोल, त्याला टोक नाही. एकवटलेला ताण पसरतो आणि तडा थबकतो. कायमचा नव्हे, पण पक्की दुरुस्ती होईपर्यंत उसंत मिळते.

1954 मध्ये कॉमेट जातीची दोन ब्रिटिश जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली, पहिले जानेवारीत एल्बा बेटाजवळ, दुसरे एप्रिलमध्ये नेपल्सजवळ. मिळून 56 माणसे गेली. फार्नबरोच्या संशोधन संस्थेने त्याच जातीच्या एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या प्रचंड टाकीत बसवला आणि आत पाणी भरून, उड्डाणात होतो तसा, दाब चढवत-उतरवत राहिले. पाणीच का? हवा दाबली जाते, आणि सांगाडा फाटला की बॉम्बसारखी फुटते. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे फाटलेली जागा शाबूत राहते आणि तपासता येते. आधीची खरी उड्डाणे आणि टाकीतली नकली उड्डाणे मिळून सुमारे 3,000 झाली तेव्हा सांगाडा फाटला, तो खिडकीसारख्या कापलेल्या जागेच्या कोपऱ्यापासून.

या अपघातांनी अस्वस्थ झालेल्यांत पॉल पॅरिस हा तरुण अमेरिकन होता. तो अजून पीएच.डी.ही झालेला नव्हता. तडा प्रत्येक हेलकाव्याला किती सरकेल, हे त्याच्या टोकापाशी ताणाची तीव्रता किती खालीवर होते यावरून सांगता येईल, असे त्याने मांडले. तीन नामांकित नियतकालिकांनी लेख परत पाठवला. अखेर 1961 मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका साध्या प्रकाशनात आला. आज पॅरिसचा नियम शिकल्याशिवाय या विषयातला कोणताही विद्यार्थी पुढे सरकत नाही. नियमाचा अर्थ धडकी भरवणारा आहे. अनेक धातूंमध्ये हा संबंध साधारण तिसऱ्या घाताचा असतो. म्हणजे ताणाचा हेलकावा दुप्पट केला तर तडा आठपट वेगाने धावतो. नुसता वीस टक्के वाढवला तरी वेग पावणेदोन पटीच्या घरात जातो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरणाऱ्याला वाटते, ‘थोडंसंच तर जास्त आहे.’ तड्याला ते थोडे नसते.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा संशोधक विद्यार्थी प्रयोगशाळेत करतो ते तड्याचा हा वेग मोजण्याचेच काम, फार चिकाटीने. तळहाताएवढा धातूचा तुकडा, त्यात दोन भोके आणि वायरकटने पाडलेली एक बारीक खाच. तुकडा यंत्रात अडकवायचा, सेकंदाला वीसदा ओढायचा-सोडायचा. दहा लाख हेलकाव्यांना जवळपास 14 तास लागतात. तुकड्यावर पांढरा रंग आणि त्यावर काळे ठिपके मारलेले. ठिपके किती हलले हे कॅमेरा टिपतो आणि तड्याच्या टोकाभोवती धातू कसा ताणला जातोय याचा नकाशा संगणकावर उमटतो. मग बचावाचे उपाय पारखायचे. त्यात मला सर्वांत देखणा वाटतो तो शॉट पीनिंगचा. पोलादाचे बारीक छर्रे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर, गिअरच्या दातांवर सपासप मारतात. प्रत्येक छर्ऱ्याने पृष्ठभाग किंचित चेपतो आणि वरचा पातळ थर कायमचा दाबाखाली राहतो. तडा उघडायला ताण लागतो. इथे आधी त्या दाबावर मात करावी लागते. ठोकून ठोकून वस्तूचे आयुष्य वाढवायचे!

याहून विलक्षण गोष्ट 2013 मध्ये संगणकावर दिसली. एमआयटीत मायकेल डेम्कोविच आणि त्यांच्या विद्यार्थ्याने धातूच्या कणांचे प्रारूप ओढून पाहिले, तर आतला तडा वाढण्याऐवजी मिटू लागला. चूक झाली असेल म्हणून त्यांनी सगळे पुन्हा तपासले. दहा वर्षांनी, 2023 मध्ये, अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने अवघ्या 40 नॅनोमीटर जाडीच्या प्लॅटिनमला सेकंदाला 200 वेळा ताण दिला आणि सुमारे 40 मिनिटांनी तड्याचे टोक डोळ्यांदेखत जुळून आले, मागमूसही न ठेवता. प्रयोग निर्वातात झाला होता. हवेत तड्याच्या काठांवर ऑक्सिजन बसतो आणि तो त्यांना जुळण्यापासून रोखू शकतो. पुलाचे गर्डर आपोआप बरे होण्याचा दिवस दूर आहे, पण ‘धातूतला तडा फक्त वाढतो’ हे वाक्य आता पाठ्यपुस्तकात जपून लिहावे लागेल.

तोवर तडा वेळेत सापडणे हाच खरा बचाव. थंडीच्या पहाटे मुंबईत लोकलचा खोळंबा होतो, कारण कुठेतरी रुळाला तडा गेलेला असतो. रात्री तापमान उतरते, रूळ आखडू पाहतो, पण जागेवर जखडलेला असल्याने ताणला जातो आणि आतले जुने बारीक व्यंग त्या ताणाखाली उघडते. म्हणूनच अल्ट्रासॉनिक यंत्राने रुळांच्या पोटात डोकावणारी पथके आणि रोज रुळांवरून पायी चालणारा कीमन यांचे मोल फार मोठे आहे.

28 एप्रिल 1988 रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चे छप्पर 24,000 फुटांवर उडून गेले. त्या विमानाने 89,000 हून अधिक उड्डाणे केली होती. वैमानिकांनी ते उतरवले, पण एक हवाई सेविका गेली. चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळच्या पत्र्यावर तडा दिसला होता. तिने तो कोणालाच सांगितला नाही. एसटीच्या पायरीखाली, पुलाच्या कठड्यावर, पाळण्याच्या खांबाला, लिफ्टच्या दाराला तडा दिसला, तर तिथे जबाबदार असेल त्याला लगेच सांगा. ‘त्यांना ठाऊक असेलच’ असे धरून चालू नका.