इंटर्नशिपची वेबसाइट लोकांना दाखवताना

नवी वेबसाइट उभी राहिली की तिची लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडते आणि खाली एक ओळ येते, ‘प्लीज बघून सांगा, डिझाइन कसं वाटतंय.’ तासाभरात अंगठ्यांची रांग लागते, दोन-तीन ‘मस्त!’ येतात, एखादा निळा रंग गडद झाल्याची तक्रार करतो आणि काका शुभेच्छा देऊन मोकळे होतात. वास्तुशांतीला जेवायला आलेले पाहुणे भिंतीतली ओल दाखवत नाहीत, तसाच हा प्रकार. प्रश्नच असा विचारलेला असतो की उत्तरात एक तर कौतुक यावं किंवा वैयक्तिक आवडनिवड. वेबसाइट या दोन्हींतून सुधारत नाही.

मग ती सुधारणारा अभिप्राय मिळवायचा कसा? त्याची एक रीत आहे आणि ती फार अवघडही नाही. उदाहरणासाठी अशी वेबसाइट घेऊ, जी आजकाल बऱ्याच कॉलेजांमधली मुलं बनवताना दिसतात. जिल्ह्यातल्या सीएंची ऑफिसं, छोटे कारखाने, सामाजिक संस्था, स्थानिक वर्तमानपत्रं यांच्याकडे इंटर्नशिपच्या ज्या जागा असतात, त्या एका ठिकाणी दाखवणारी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमांत इंटर्नशिपला आणि ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला क्रेडिट मिळू लागले आणि जागा शोधणाऱ्यांची गर्दी वाढली. अशा वेबसाइटचं डिझाइन म्हणजे रंग आणि लोगो नव्हेच. ‘ही जागा माझ्यासाठी आहे की नाही’ हे जागा शोधणाऱ्या मुलीला मिनिटभरात ठरवता येतं का, यावर सगळं अवलंबून.

दाखवण्याआधी एक काम उरकायला हवं. वेबसाइटमध्ये खऱ्या जाहिराती भरायच्या. डिझाइन करताना आपण कार्डावर ‘एबीसी कंपनी, पुणे, ३ महिने, ₹१०,०००’ असा सुबक मजकूर टाकतो आणि कार्डही सुबक दिसतं. प्रत्यक्षात जाहिरात येते ती ‘अमुक तमुक अँड असोसिएट्स, चार्टर्ड अकाउंटंट्स, इचलकरंजी शाखा’ अशी आणि स्टायपेंडच्या जागी लिहिलेलं असतं ‘मुलाखतीनंतर ठरेल’. नाव तीन ओळींवर जातं, बटण खाली ढकललं जातं, कामाची वेळ गायब असते. पंचवीस-तीस अशा ओबडधोबड जाहिराती भरल्या की डिझाइनचे निम्मे दोष कुणाला न विचारताच समोर येतात.

मजकूर मराठी असेल तर आणखी काही दिसतं. रोमन लिपीच्या हिशेबाने ठरवलेल्या ओळींच्या अंतरात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत शिरतात. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. आणि लांब नाव ठरावीक अक्षरांनंतर छाटायची सोय केली असेल, तर ‘व्यवस्थापन’ मध्येच कापलं जाऊन ‘व्यवस्…’ असा लटकता हलंत पडद्यावर उरतो. मराठी वाचणाऱ्याला हे खटकतं, पण तो ते तुम्हाला सांगेलच असं नाही. त्याचं फक्त मत होतं की वेबसाइट घाईत केलेली दिसते.

आता दाखवायचं कुणाला? मित्रांना नको, आणि आधी डिझायनरांनाही नको. याकोब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेला एक हिशेब या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. एक वापरणारा सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, दुसरा त्यातल्या काही पुन्हा दाखवतो आणि काही नव्या, आणि पाचव्यापर्यंत पोचता पोचता सुमारे ८५ टक्के अडचणी समोर आलेल्या असतात. पुढे माणसं वाढवली तरी तेच तेच ऐकू येतं. या आकड्यांवर वाद झाले आहेत, वेबसाइटगणिक ते बदलतात. पण छोट्या कामासाठी त्यातला मथितार्थ पुरेसा आहे. पन्नास जणांना गूगल फॉर्म पाठवण्यापेक्षा पाच जणांच्या शेजारी बसा.

एक मेख मात्र इथे आहे. हे पाच जण एकाच प्रकारचे असले तरच हिशेब लागू पडतो. इंटर्नशिपच्या वेबसाइटला प्रकार किमान दोन असतात, शोधणारे विद्यार्थी आणि जागा टाकणारे मालक. त्यामुळे दोन्हीकडचे तीन-चार जण गाठायचे. शक्य झालं तर कॉलेजच्या प्लेसमेंट विभागातल्या सरांना किंवा मॅडमनाही बसवा, कारण शेवटी ‘ही इंटर्नशिप चालेल का’ हे विचारायला मुलं त्यांच्याच टेबलाशी जातात.

एक सत्र कसं चालतं ते जरा जवळून पाहू. समोर तृतीय वर्ष बी.कॉम.ची विद्यार्थिनी आहे. फोन तिचा स्वतःचा, कारण काच तडकलेल्या आणि मेमरी भरत आलेल्या फोनवर वेबसाइट कशी चालते हेही कळायला हवं. स्क्रीन रेकॉर्ड करणार असाल तर आधी तिची परवानगी घ्या आणि नोटिफिकेशन बंद करायला सांगा. मग दोन वाक्यं: “परीक्षा वेबसाइटची आहे, तुझी नाही. जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा.” हे मोठ्याने बोलणं महत्त्वाचं. क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये आयबीएममध्ये असताना ही पद्धत संगणकाच्या पडद्यांच्या चाचणीसाठी आणली, आणि आजही तिच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी दुसरं साधन नाही.

नंतर तिला एक काम द्यायचं: “सुटीत कोल्हापुरात घरी राहून करता येईल असं अकाउंट्सचं काम तुला हवंय. कॉलेजला १२० तासांचं सर्टिफिकेट द्यायचंय. बघ मिळतंय का.” या वाक्यात ‘फिल्टर’ हा शब्द नाही, ‘सर्च’ नाही, कुठल्याच बटणाचं नाव नाही. ते मुद्दाम. बटणाचं नाव तुम्हीच घेतलंत तर ती ते शोधून काढेल आणि तुम्हाला वाटेल की डिझाइन जमलं.

ती काय करते बघा. वरच्या फिल्टरकडे लक्ष न देता ती सरळ अंगठ्याने खाली सरकत जाते. तिसऱ्या कार्डावर थांबते. ‘कालावधी : २ महिने’ वाचून पुटपुटते, “पण दिवसाला किती तास? एकशेवीस होतील का?” कार्डावर ते नाही. आत जाते, तिथेही नाही. परत मागे येते तर यादी पुन्हा पहिल्यापासून, आपण कुठे होतो ते तिला सापडत नाही. ती हसते, “असू दे,” म्हणते आणि पुढे जाते. हे ‘असू दे’ वहीत टिपून घ्या. घरी एकटी असती तर याच ठिकाणी तिने वेबसाइट बंद केली असती.

अर्ध्या मिनिटात दोन मोठे दोष सापडले. एक तांत्रिक आहे, मागे आल्यावर जागा हरवण्याचा. दुसरा जास्त मोलाचा. यूजीसीच्या हिशेबात इंटर्नशिपचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, चार क्रेडिट म्हणजे १२० तास. मालक महिन्यांत बोलतो, कॉलेज तासांत विचारतं, आणि मधलं गणित करायला वेबसाइटने विद्यार्थिनीला सोडून दिलं आहे. ‘डिझाइन कसं वाटतंय’ या प्रश्नाला हे उत्तर कधीच आलं नसतं.

सत्रात सगळ्यात कठीण काम असतं ते गप्प बसणं. ज्याने वेबसाइट बनवली त्याच्या जिभेवर “अगं वर बघ ना” असतंच. ते गिळायचं. तिने “हे दाबू का?” विचारलं तर उलट विचारायचं, “मी इथे नसतो तर काय केलं असतंस?” आणि वहीत निष्कर्ष लिहायचा नाही, घडलं ते लिहायचं. ‘फिल्टर कळला नाही’ हा तुमचा अंदाज झाला. ‘नऊ कार्डं सरकवली, फिल्टरला हात लावला नाही’ ही नोंद झाली.

शेवटची पाच मिनिटं विश्वासाबद्दल ठेवा, कारण या क्षेत्रात फसवणूक बरीच आहे. नोंदणी शुल्क, ट्रेनिंगची फी, ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’ या नावांखाली पैसे उकळणारे मुलांना माहीत झाले आहेत. पहिला पडदा पाच सेकंद दाखवा, फोन उलटा ठेवायला सांगा आणि विचारा, ही वेबसाइट कशाची होती, कुणी चालवत असेल, तिथे स्वतःचा मोबाइल नंबर देशील का? तिसऱ्या प्रश्नाला चेहऱ्यावर जे उमटतं ते शब्दांपेक्षा खरं. स्टायपेंडचंही तसंच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली तेव्हापासून बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये हे आकडे महाराष्ट्रातल्या मुलांच्या तोंडी आहेत. त्यांच्यापुढे ‘आकर्षक स्टायपेंड’ लिहिलं की ती त्याचा अर्थ ‘काही नाही’ असाच घेतात, आणि बहुतेक वेळा बरोबर घेतात. बिनपगारी असेल तर सरळ ‘स्टायपेंड नाही’ लिहिलेलं त्यांना चालतं.

याच टप्प्यावर लॉगिनची भिंतही तपासली जाते. जागा बघण्याआधीच ओटीपी मागणाऱ्या वेबसाइटवर मुलं मैत्रिणीचा किंवा बंद पडलेला नंबर टाकतात. मालकाकडे अर्ज पोचतो आणि फोन लागत नाही. ‘फक्त २ जागा उरल्या’ अशी खोटी घाई करणं तर आता नुसतं वाईट डिझाइनही राहिलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे वापरणाऱ्याला चकवणाऱ्या डिझाइनविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतल्या १३ प्रकारांत खोटी घाईही आहे आणि नको ती माहिती द्यायला भाग पाडणंही.

मालकांकडे मात्र त्यांच्याच ऑफिसात जायचं. त्यांना कॉलेजात बोलावलं तर ते पाहुण्यासारखे वागतात. आपल्या टेबलाशी, दोन फोनांच्या मधे, क्लार्कला हाका मारत ते फॉर्म भरतात तेव्हा खरा प्रकार दिसतो. ‘स्किल्स निवडा’च्या यादीत पायथन आणि जावा आहे, टॅली नाही. कामाचं वर्णन किमान पाचशे अक्षरांचं हवं अशी अट असेल, तर सीएसाहेब दोन ओळी लिहून पुढे टिंबं टाइप करतील. आणि अर्ज ‘डॅशबोर्ड’वर येतील म्हटल्यावर विचारतील, “व्हॉट्सअ‍ॅपवर नाही येणार का?” विद्यार्थ्यांना दिसणारी जाहिरात अपुरी का, याचं मूळ बहुधा या फॉर्ममध्येच सापडतं. तिथे ‘रोजचे तास’ ही एक रिकामी चौकट टाकली की वरचा १२० तासांचा प्रश्न दोन्ही बाजूंनी सुटतो.

हे सगळं झाल्यावर डिझायनरांकडे जा. त्यांची नजर वेगळ्या कामाची असते. नील्सन आणि रॉल्फ मोलिच यांनी १९९० मध्ये सुचवलेली तपासणी अशीच चालते. तीन ते पाच जाणकार एकेकटे बसून ठरलेल्या निकषांवर पडदे बघतात आणि मग टिपणं जुळवतात. विद्यार्थी जे बोलून दाखवत नाहीत ते हे पकडतात. उदाहरणार्थ, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. डिझायनरांचा लाडका ९९९९९९ या कोडचा राखाडी रंग पांढऱ्यावर जेमतेम २.८५ पट उठाव देतो. वेबच्या सुलभतेच्या मानकांनुसार साध्या मजकुराला ४.५ पट हवा. उन्हात स्टँडवर उभं राहून शेवटची तारीख वाचणाऱ्याला हा फरक चांगलाच कळतो. बटणांचंही तेच, याच मानकांच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या आवृत्तीने दाबायच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेलचं माप घातलं आहे.

आता हातात भरलेल्या वह्या आहेत आणि त्यांत परस्परविरोधी सूचना. एक म्हणते कार्डावर माहिती कमी आहे, दुसरा म्हणतो गर्दी झाली आहे. मधला मार्ग काढू नका. कोण काय शोधताना बोललं ते बघा. काम अडलं ते आधी, काम झालं पण वेळ गेला ते नंतर, आणि नुसतं आवडलं नाही ते सगळ्यात शेवटी. एकाच विद्यार्थ्याला अर्ज पाठवताच आला नसेल, तर ती एक नोंद रंगाबद्दलच्या दहा मतांपेक्षा जड.

लोक अडचण सांगत नाहीत, उपाय सांगतात, हेही लक्षात ठेवायला हवं. “इथे नकाशा टाका ना,” असं कुणी म्हटलं की लगेच नकाशा टाकायला धावू नका. “नकाशात काय बघितलं असतंस?” विचारा. उत्तर येतं, “एसटी स्टँडपासून किती लांब आहे ते.” म्हणजे ‘बसस्थानकापासून ४ किमी’ एवढी ओळ पुरे, आणि फोनवर नकाशा उघडण्याचा डेटाही वाचतो.

तीन-चार मोठ्या गोष्टी दुरुस्त करायच्या आणि नव्या माणसांना बसवायचं. जुन्या माणसांना रस्ता पाठ झालेला असतो. वेबसाइट खुली झाल्यावर शोधखिडकीत काय टाइप झालं आणि त्याला शून्य निकाल मिळाले, याची यादी दर आठवड्याला काढायची. तिथे ‘अकौंट’, ‘अकाउंटस’, रोमन लिपीत लिहिलेलं टॅली आणि गावांची दोन-दोन नावं सापडतात. एकाही माणसाला न विचारता मिळालेला हा अभिप्राय असतो. आणि प्रत्येक कार्डावर ‘ही जागा भरली आहे’ असं कळवायचं एक छोटं बटण ठेवा. मालक जाहिरात काढायला विसरतो, पण फोन करून नकार ऐकलेला विद्यार्थी ते बटण हमखास दाबतो.