पायथनमधील फाइलचे ओळवार वाचन

पायथन भाषेत फाइलमधील मजकूर वाचण्याच्या तीन प्रमुख रीती आहेत. ‘रीड’ सबंध मजकूर एकदमच स्मृतीत आणते. ‘रीडलाइन्स’ त्यातील सर्व ओळींची यादी करते. फाइल प्रचंड असल्यास दोन्ही रीतींनी स्मृती अपुरी पडण्याचा संभव असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या २.२ या आवृत्तीपासून फाइलवरच ‘फॉर’चे आवर्तन चालविता येते व एका वेळी एकच ओळ हाती येते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. अशा सलग चिन्हांचे १०२४ बाइटांचे तुकडे पाडल्यास ३४१ चिन्हांनंतर १ बाइट उरतो व पुढील चिन्ह दुभंगते. ओळ संपल्याची खूण मात्र चिन्हाच्या पोटात कधीच येत नाही. म्हणून ओळवार वाचनच श्रेयस्कर होय.