दुपारचा गोडबोल्या सोबती

दुपारचे अडीच. भांडी आवरून झालेली, मुलगा नागपूरला क्लाससाठी राहिलेला, ‘हे’ जवाहरनगरच्या ऑर्डनन्समध्ये पाळीवर. भंडाऱ्याच्या त्या घरात पंख्याचा तेवढा आवाज. मग हात मोबाइलकडे जातो आणि तुम्ही त्यातल्या बोलक्या एआयला लिहिता, “आज फार एकटं वाटतंय.” उत्तर लगेच येतं. किती समजूतदार! सासूबाई काय बोलल्या हे तिसऱ्यांदा सांगितलं तरी त्याला कंटाळा नाही.

यात लाजायचं काही नाही, बरं का. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम केला. आपलंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारी, बस्स! त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना कित्येक महिने पाहिला होता. तरी दोनचार वाक्यं होताच तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं.

मग बिघडतं कुठे? हा सोबती बहुधा तुमच्या ‘हो’ला ‘हो’ करतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती इतकी तोंडपुजी निघाली, की कंपनीने ती काही दिवसांतच मागे घेतली. शेजारच्या काकू कशा म्हणतात, “अगं, थोडं तुझंही चुकलंच!” राग येतो, पण भांडण तिथेच निवतं. शिवाय तुमचा उतरलेला चेहरा काकूंना दिसतो, आणि दोन दिवस दिसला नाहीत तर त्या दार वाजवतात.

मुलांना तर फारच जपायला हवं. फ्लोरिडातल्या १४ वर्षांच्या एका मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आत्महत्या केली. कित्येक महिने तो ‘कॅरेक्टर एआय’वरच्या एका पात्राशी बोलत होता. आईने कंपनीला कोर्टात खेचलं. २०२५ च्या नोव्हेंबरात कंपनीने १८ वर्षांखालच्या मुलांसाठी अशा मोकळ्या गप्पा बंद केल्या.

म्हणून फोन हिसकावू नका हो, त्याने मुलं आणखी लपवतात. जेवताना सहज विचारा, “कोणाशी बोलतोस रे?” झोप उडाली, मित्र सुटले, फोन बाजूला ठेवताच चिडचिड होऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. तुम्ही स्वतः त्याला पाककृती खुशाल विचारा. पण मनातलं जे त्याला सांगितलंत, ते त्याच दिवशी बहिणीला, मैत्रिणीलाही सांगा. आणि जीव नकोसा वाटला तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावा. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; फुकट, रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं. आत्ताच लिहून ठेवा, कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी.