विंडोज ‘उडाली’ तरी फॉरमॅट शेवटी

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोजचा पडदा दिसेपर्यंत बरीच कामे ठरलेल्या क्रमाने होतात. मदरबोर्डवरचे यूईएफआय हे फर्मवेअर (जुन्या यंत्रांत बायोस) आधी रॅम, कीबोर्ड आणि डिस्क जागेवर आहेत का ते तपासते. मग डिस्कच्या एका लहान, एरवी न दिसणाऱ्या विभागातून बूट मॅनेजर सुरू करते. बूट मॅनेजर बीसीडी नावाच्या नोंदीत विंडोजचा पत्ता शोधतो आणि विनलोड या प्रोग्रॅमला कामाला लावतो. विनलोड कर्नल, रजिस्ट्रीचा ‘सिस्टिम’ हा भाग आणि सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर मेमरीत आणतो. यांपैकी एक फाइल गहाळ झाली किंवा बिघडली, तरी गाडी तिथेच थांबते.

कुठे थांबली, हे बहुधा पडद्यावरूनच कळते. पडदा कोरा राहिला, नुसतेच बीप वाजले, तर दोष फाइलींचा नसून सुट्या भागांचा असतो. निळ्या पडद्यावर बूट कॉन्फिगरेशन डेटा सापडत नसल्याचा संदेश आला, तर बीसीडीची नोंद गेलेली असते. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे आले, तर कर्नल सुरू झाला आहे, पण त्याला डिस्कच वाचता येत नाही. अशा वेळी बऱ्याचदा ड्रायव्हरची चूक निघते.

फाइली बिघडण्याची कारणे नेहमीचीच आहेत: अपडेट चालू असताना गेलेली वीज, डिस्कवरचे खराब सेक्टर, सदोष रॅम, व्हायरस. लॅपटॉप बॅटरीमुळे वीज जाण्याच्या धक्क्यातून वाचतो. यूपीएस नसलेला डेस्कटॉप वाचत नाही. एनटीएफएस ही विंडोजची फाइल पद्धत मांडणीतला प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये टिपते, त्यामुळे वीज गेली तरी फोल्डरांची मांडणी सहसा सावरते. फाइलच्या आतला मजकूर मात्र अर्धवट राहू शकतो.

एका फाइलने किती गोंधळ होतो, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे तिचा ड्रायव्हर मेमरीच्या हद्दीबाहेर वाचू लागला आणि विंडोज कोसळली. हा ड्रायव्हर सुरुवातीलाच चढतो, म्हणून यंत्र पुन्हा सुरू केले की पुन्हा कोसळत होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना फटका बसला. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे. फॉरमॅट नाही. ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारावे लागेल’ हे दुकानात सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच घाईचे ठरते.

लागोपाठ दोनदा सुरुवात फसली, की विंडोज बहुधा आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवते. तो आला नाही, तर दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून यंत्र सुरू करावे आणि दुरुस्तीचा पर्याय निवडावा. इथे डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर ४८ अंकी किल्ली मागू शकतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न कळता लागलेले असते. किल्ली सहसा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

कशालाही हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढाव्यात. त्यासाठी एक साधी युक्ती आहे: दुरुस्तीच्या पर्यायांतल्या कमांड प्रॉम्प्टवर नोटपॅड उघडायचे, त्यातल्या ‘ओपन’च्या खिडकीत सगळ्या प्रकारच्या फाइली दिसतील असे निवडायचे आणि तिथूनच फोटो, कागदपत्रे दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करायची.

त्यानंतर ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवून पाहावे. बिघाड अपडेटनंतर झाला असेल, तर ताजे अपडेट काढून टाकावे किंवा सिस्टिम रिस्टोअरने मागच्या तारखेला जावे. एवढ्यावर बरीच यंत्रे उठतात.

न उठल्यास एसएफसी. ही आज्ञा संरक्षित सिस्टिम फाइली तपासते आणि बिघडलेल्या फाइलींच्या जागी विनएसएक्सएस फोल्डरमधल्या चांगल्या प्रती ठेवते. दुरुस्तीच्या पडद्यावर मात्र नुसते ‘स्कॅननाऊ’ लिहून भागत नाही. ‘ऑफबूटडिर’ आणि ‘ऑफविनडिर’ ही पदे जोडून बंद पडलेली विंडोज कुठे आहे ते सांगावे लागते. शिवाय तिथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा सी कधी डी होऊन बसतो. विनएसएक्सएसमधल्या प्रतीच खराब असतील, तर डिझम ही आज्ञा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून नव्या प्रती आणू शकते. त्या पेन ड्राइव्हवरची आवृत्ती यंत्रातल्या विंडोजशी जुळणारी हवी.

बूटची नोंद गेली असेल, तर जुने सल्ले ‘बूटरेक’ या साधनाकडे बोट दाखवतात. यूईएफआय यंत्रांवर त्यातली ‘फिक्सबूट’ आज्ञा अनेकदा परवानगी नाकारल्याचे सांगून अडते. तिथे ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा अधिक भरवशाची. रजिस्ट्री रेगबॅक फोल्डरमधून परत आणण्याचा सल्लाही आता कालबाह्य आहे: विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथे आपोआप प्रत ठेवली जात नाही.

चेकडिस्क खराब सेक्टर शोधते, पण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ती तासन्‌तास ताण टाकते. फाइली बाहेर काढल्याशिवाय ती चालवू नये.

हे सगळे फसले, तर ‘रिसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास वैयक्तिक फाइली राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. कोरी विंडोज टाकणे त्याच्याही नंतर. आणि नव्याने टाकलेली विंडोजही थोड्याच दिवसांत बिघडली, तर पुन्हा फॉरमॅट करण्यात अर्थ नाही. डिस्क आणि रॅम तपासून सदोष भाग बदलावा.