छातीच्या फोटोतील बहुरूपी

ज्याला आपण 'छातीचा फोटो' म्हणतो, तो खरे पाहता सावल्यांचा पट आहे. रंटगेन यांनी १८९५ साली जर्मनीत क्ष-किरण शोधले, तेव्हापासून ही गोष्ट बदललेली नाही. हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते; हवेची जागा पू, पाणी किंवा गाठ घेते तेथे पांढरा डाग उमटतो. डाग कशाचा, हे सावली स्वतः सांगत नाही.

फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे खडबडीत कडांची गाठ, अशी समजूत आहे. पुष्कळदा ती खरी ठरते. परंतु हा रोग बहुरूपी आहे. त्याची तीन सोंगे पाहू.

पहिले सोंग न्यूमोनियाचे. एका जातीचा कर्करोग हवेच्या पिशव्यांच्या भिंतींवरून पसरतो व त्या चिकट द्रवाने भरून टाकतो. फोटोत न्यूमोनियाच दिसतो. मात्र औषधांनी डाग हटत नाही.

दुसरे क्षयाचे. गाठीचा मधला भाग मरून पडला की पोकळी होते, आणि पोकळी म्हणजे क्षय असे आपल्याकडे चटकन ठरते. कर्करोगाच्या पोकळीची भिंत बहुधा जाड व आतून ओबडधोबड असते.

तिसरे सर्वांत लबाड. फुप्फुसाच्या शेंड्यावरची गाठ फोटोत बरगड्यांच्या सावलीत दडते. फिलाडेल्फियाचे क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ साली तिच्याकडे लक्ष वेधले. खोकला पुष्कळदा नसतोच; खांदा दुखतो, कळ करंगळीपर्यंत उतरते, कधी एका डोळ्याची पापणी झुकते. ओझी वाहणारा हमाल म्हणतो, कामाचेच दुखणे. तेल चोळतो, आणि महिने जातात.

आम्ही डॉक्टर नव्हे. आजारी सोबत्यांबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसून, विचारून, वाचून हे शिकलो. एका सोबत्याच्या थुंकीत जंतू सापडले नसताही त्याला सहा महिने क्षयाची औषधे मिळाली. कर्करोग कळला तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळली होती.

म्हणून सांगणे इतकेच. जुने फोटो टाकू नका. डाग नवा की जुना, वाढता की स्थिर, हे तुलनेनेच कळते. थुंकी तपासून घ्या. अॅस्बेस्टॉस वा दगडाच्या धुळीत काम केले असेल, विडी ओढत असाल, तर न विचारताही सांगा. औषधे मनाने बंद करू नका. पण दीड-दोन महिन्यांनीही डाग हटत नसेल, तर 'सी.टी. काढावा काय, तुकडा तपासावा काय?' असे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. हा प्रश्न विचारणे उद्धटपणा नव्हे, तो रोग्याचा हक्क आहे.