अंडं फुटतं म्हणजे काय

नाशिकमध्ये सोनोग्राफी केंद्राच्या बाकावर थोडा वेळ बसलं की एक प्रश्न कानावर पडतोच: ‘अंडं फुटलं का?’ पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडीच्या (अंडं किती वाढलं ते सोनोग्राफीत पाहण्याच्या) फेऱ्या, रिपोर्टवर १८ मिलिमीटरचा आकडा, मग ‘फुटायचं इंजेक्शन’. द्राक्षाच्या गावाला हा शब्द लगेच पटतो. काढणीला आलेल्या घडांवर अवकाळी बरसला की मणी पाणी पिऊन तडकतात, हे इथे कोणी पाहिलेलं नाही?

शास्त्रज्ञांनाही बराच काळ असंच वाटे. द ग्राफ यांनी १६७२मध्ये अंडाशयातल्या पुटिकांचं, म्हणजे फॉलिकल्सचं, वर्णन केलं, आतलं बीज, म्हणजे खरं अंडं, दिसलं १८२७मध्ये फॉन बेअर यांना. ते बाहेर कसं पडतं, तर पाणी साठून दाबाने, असा सोपा हिशोब होता. १९६३मध्ये एस्पी आणि लिपनर या संशोधकांनी सशाच्या पुटिकेतला दाब मोजला आणि हिशोब चुकला. फुटण्याआधी दाब वाढतच नव्हता!

मग पुटिकेचं आवरण फाटतं कशाने? १९८०मध्ये एस्पींनी म्हटलं, ही सूज आहे. काटा रुतलेलं बोट सुजतं, जवळपास तीच यंत्रणा. एलएच या संप्रेरकाची लाट आली की पुटिकेभोवतीच्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पेशी इंटरल्यूकिन-८सारखी प्रथिनं सोडतात. त्या हाकेला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावतात. त्यांची आणि आसपासच्या पेशींची विकरं आवरणातल्या कोलॅजनची वीण उसवत नेतात. लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांत बीज मोकळं. १९९५मध्ये ब्रॅनस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधले न्यूट्रोफिल घटवले, तर सुटणारी बीजंही घटली.

माणसात डोकावायची वाट टेस्टट्यूब बेबीने उघडली. आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्टट्यूब बेबी हर्षा जन्मली. या उपचारात बीज सुटायच्या ऐन आधी काढून घेतात. सोबत येणारा पुटिकेतला द्राव एरवी टाकाऊच. पण तपासला तेव्हा त्यात इंटरल्यूकिन-८ सापडलं. पुढे २००८मध्ये बेल्जियमच्या डोनेझ यांना एका शस्त्रक्रियेत योगायोगाने बीज सुटतानाच दिसलं. स्फोट वगैरे काही नाही. निवांत, पंधराएक मिनिटं.

फॉलिक्युलर स्टडीच्या दिवसांत डोकं दुखलं तर आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, असं डॉक्टर सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. सूज उतरवणारी ही गोळी सूज घडवणारं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन अडवते. मग पुटिका वाढते, भरते, पण बीज कधी कधी आतच राहतं, आणि पुढच्या फेरीला रिपोर्टवर येतं: ‘नॉट रप्चर्ड’.