शिकवणी लावण्यापूर्वी

सहामाहीचे गुण घरी आले, की गावोगावच्या ओसरीवर एकच विषय निघतो. "पोरगं गणितात मागं पडलंय, शिकवणी लावायला हवी." शेजाऱ्यांनी लावली म्हणून आपणही लावतो. महिन्याचे पैसे भरले, की आपलं कर्तव्य संपलं असं वाटतं. वर्षअखेर गुण होते तिथेच राहतात, आणि मग सगळा दोष मुलाच्या डोक्यावर येतो. 'त्याला डोकंच नाही' म्हणून मुलगा कामाला लागतो, मुलगी घरी बसते. तेव्हा शिकवणी लावायची की नाही, आणि लावायचीच तर कुणाची, याचा विचार आपण जोडी बैल घेताना करतो तितक्याच काळजीने करायला हवा.

ही गोष्ट आता शहरापुरती राहिलेली नाही. २०२२ सालच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पहिली ते आठवीच्या दर शंभर मुलांमागे सुमारे तीस मुले पैसे देऊन शिकवणीला जात असल्याचे दिसून आले. इतका पैसा घराघरांतून जातो, तर तो कशासाठी जातो हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

मूल नेमके कुठे अडले आहे, ते आधी पाहा. 'गणित कच्चे' एवढे म्हणून भागत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. मुलाला ४०२ मधून १७८ वजा करायला सांगा. उत्तर २२४ यायला हवे. पुष्कळ मुले ३७६ लिहितात. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत गेले आहे: चारातून एक, सातातून शून्य, आठातून दोन. हातचा का घ्यायचा, हे त्याला कधी उमगलेलेच नाही. अशा मुलाला सातवीच्या पुस्तकातली उदाहरणे शंभर वेळा गिरवायला लावली, तर ते 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असेच होईल.

वाचनाचेही तसेच. मुलाला त्याच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. अडखळले, तर एक इयत्ता खालचे पुस्तक द्या. तिथेही अडले, तर आणखी खालचे. जिथे ते सुरळीत वाचते आणि वाचलेले आपल्या शब्दांत सांगते, तिथपर्यंत त्याची जमीन पक्की आहे असे समजा. इतिहासात किंवा विज्ञानात नापास होणारे मूल कित्येकदा खरे म्हणजे वाचनातच अडलेले असते. आणि एक विसरू नका: फळ्यावरचे दिसत नाही, बाईंचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणूनही मूल मागे पडते. अशा वेळी गरज चष्म्याची असते, शिकवणीची नव्हे.

दुसरी पायरी शाळेची. वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. "आमचा कसा आहे?" असे मोघम विचारू नका, "कुठल्या घटकात अडतो?" असे विचारा. मात्र "गुरुजी, तुम्हीच घरी शिकवा, पैसे देतो," असा आग्रह धरू नका. शिक्षणहक्काचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २८व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. त्यामागचे कारण उघड आहे. वर्गात शिकवायचे ते संध्याकाळी पैसे देणाऱ्यांसाठी राखून ठेवले, तर ज्याच्याकडे पैसे नाहीत त्या मुलाने कुणाकडे पाहायचे?

मग शिकवायला घ्यायचे कुणाला? गावात नीट शोधले, तर माणूस सापडतो. एखादे निवृत्त गुरुजी असतात. पदवी घेऊन परतलेला तरुण असतो. बी.एड. झालेली एखादी सून असते, जिच्या शिक्षणाची गावाला खबरही नसते. विषयाचे ज्ञान तर हवेच. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? पण नुसत्या ज्ञानावरही भागत नाही. उत्तम गणिती कित्येकदा चिडका मास्तर ठरतो, कारण मुलाला हे का समजत नाही, तेच त्याला समजत नाही.

म्हणून आठवडाभर पारख करून मगच ठरवा. मघाचेच उदाहरण त्यांच्यापुढे ठेवा आणि ते काय करतात ते बघा. एक जण ३७६ वर फुली मारील, २२४ लिहून देईल आणि म्हणेल, "असं करायचं." दुसरा आधी विचारील, "बाळ, हे तू कसं केलंस ते सांग बघू." मग तो काड्यांचे गठ्ठे मांडील. शंभराचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. त्यातला शंभराचा एक गठ्ठा सोडला, की दहाचे दहा गठ्ठे झाले; त्यातला एक सोडला, की दहा सुट्या काड्या मिळाल्या. आता आपल्याजवळ आहेत तीन शतक, नऊ दशक आणि बारा एकक. यातून १७८ काढणे मुलाला सहज जमते. हा दुसरा माणूस पदवीने थोडा कमी असला, तरी शिक्षक खरा तोच.

आणखी दोन खुणा सांगतो. शिकवणीहून आल्यावर मुलाला म्हणा, "आज काय शिकलास, ते मला शिकव." आपल्याला लिहिता-वाचता येत नसले, तरी हे करता येते, समजलेले मूल भडाभडा बोलते, न समजलेले वही पुढे करते. दुसरी खूण म्हणजे प्रश्न. चांगल्या शिक्षकाकडे जाणारे मूल अधिक प्रश्न विचारू लागते. मार खाणारे किंवा हिणवले जाणारे मूल गप्प होत जाते. शिकवणीची वेळ झाली की मुलाचे पोट दुखू लागत असेल, तर ते ढोंग समजून ढकलू नका; जवळ घेऊन विचारा.

सुरक्षिततेची गोष्ट संकोच न धरता बोलू या. शिकवणी उघड्या जागी असावी: ओसरी, पडवी, दार उघडे असलेली खोली. मूल लहान असो वा मोठे, मुलगा असो वा मुलगी, हा नियम सर्वांना सारखाच. आपण मधूनच डोकावलेले चांगल्या शिक्षकाला कधी खटकत नाही. काही वावगे आढळले, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.

पैशाचे सुरुवातीलाच स्पष्ट ठरवा: आठवड्यातून किती दिवस, किती वेळ, एका वेळी मुले किती. चाळीस मुले एकत्र बसवली, तर तो दुसरा वर्गच झाला. वर्षाचे पैसे एकदम देऊ नका; महिन्याचे महिन्याला द्या. तालुक्याच्या मोठ्या क्लासमध्ये घालणार असाल, तर पावती घ्या. अशा वर्गांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण पैसे भरलेल्या मुलाने मध्येच वर्ग सोडला, तर उरलेल्या काळाचे पैसे परत करावेत, असे त्यांत सांगितले आहे.

आता कुणी म्हणेल, "आमच्याजवळ पैसेच नाहीत." तरीही वाट आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला कामाला सुरुवात केली. त्यांची शाळा मुलांच्या अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही गेली. शिकवायला इमारत लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या आळीतली चार मुले संध्याकाळी एकत्र बसवा, आणि दहावी-बारावीच्या ताईला त्यांच्याकडून रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचून घ्यायला सांगा. बालभारतीची पुस्तके मोबाइलवरही फुकट मिळतात; खालच्या इयत्तेचे पुस्तक हवे असेल, तर ते विकत आणण्याचेही कारण नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याला एक विनंती आहे. पालक विचारायला आले, तर 'लक्ष देत नाही' असे सांगून परत पाठवू नका. 'भागाकारात अडतो', 'जोडाक्षरे वाचता येत नाहीत' अशी एक ओळ कागदावर लिहून द्या. शिकवणाऱ्याला तेवढ्याने दिशा मिळते, आणि त्या घरचे महिन्याचे पैसे वाया जात नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच वजाबाकी द्या, तोच परिच्छेद वाचायला सांगा. फरक नसेल, तर शिकवणी बदला. फरक पडला असेल, मूल आपले आपण उदाहरण सोडवू लागले असेल, तर शिकवणी बंद करायलाही कचरू नका. लहान रोपाला आपण काठीचा आधार देतो. खोड धरल्यावर ती काठी काढून घ्यायची असते.